एका उपसर्गाचा घोटाळा

तेल वाहून नेणाऱ्या मोठ्या मोटारीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेले दोन इंग्रजी शब्द भारतांतील हमरस्त्यांवर नेहमीं दृष्टीस पडतात : ‘हायली इन्फ्लेमेबल’. अमेरिकेंतील तशाच मोटारीवर मात्र ‘फ्लेमेबल’ असा शब्द असतो. नुकतेंच इंग्रजी शिकूं लागलेल्या मनुष्यानें हे दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तर त्याचा पहिला तर्क असाच होईल कीं, एका मोटारींतील माल पेट घेणारा असून दुसरींतील माल पेट न घेणारा आहे. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारें आणि ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारें. ‘क्युरेबल’ म्हणजे बरा होणारा रोग आणि ‘इन्क्युरेबल’ म्हणजे असाध्य रोग. तेव्हां ‘फ्लेमेबल’ म्हणजे जळणारें आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न जळणारें, हा हिशेब अगदीं चोख दिसतो. चोख दिसतो, परंतु तो साफ खोटा आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : चटकन् पेट घेणारें. शब्दार्थाच्या इतर चुकांबद्दल विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातात; या चुकीची शिक्षा पेटलेली काडी देते. ही चूक मुळांत कोठून आली आणि ती टाळण्यासाठीं इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनीं काय केलें, हा इतिहास म्हणूनच मनोरंजक आहे, तितकाच बोधप्रदही आहे.

या घोटाळ्याचें मूळ इंग्रजींत नसून लॅटिन भाषेंत आहे. लॅटिनमध्यें ‘इन्’ असा उच्चार असलेले उपसर्ग एक नव्हे, दोन आहेत. त्यांचीं रूपें सारखीं, पण कुळें वेगळीं. पहिला ‘इन्’ नकाराचा. हा संस्कृतांतील ‘अ’ किंवा ‘अन्’ याचा सख्खा भाऊ होय. ग्रीकमधील ‘अन्’ आणि खुद्द इंग्रजींतील ‘अन्’ हे त्याच घराण्यांतले. ‘अनंत’ या शब्दांत ‘अन्’ जें काम करतो, तेंच काम ‘इन्फिनिट’ या शब्दांत ‘इन्’ करतो. दुसरा ‘इन्’ हा ‘आंत’, ‘वर’, ‘कडे’ अशा अर्थांचा असून इंग्रजींतील नित्याचा ‘इन्’ हा शब्द त्याच्या नात्यांतला आहे. ‘इन्क्लूड’ म्हणजे आंत घेणें, समाविष्ट करणें. क्रियापदास लागला असतां हा दुसरा उपसर्ग कित्येकदां केवळ क्रियेचा आरंभ किंवा तिचा जोर दाखवितो. ‘फ्लॅम्मा’ म्हणजे ज्वाळा. तीस हा दुसरा ‘इन्’ लागून ‘पेटविणें’ या अर्थाचें ‘इन्फ्लॅम्मारे’ हें लॅटिन क्रियापद सिद्ध झालें, आणि त्यापासून ‘पेटविण्याजोगें’ या अर्थाचा ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द इंग्रजींत आला. त्यांत नकाराचा लवलेशही नाहीं.

दोन जुळ्या भावांना आई एकाच कापडाचे सदरे शिवते, तसा प्रकार या उपसर्गांचा आहे. पुढें येणाऱ्या अक्षराप्रमाणें दोघेही आपलें रूप बदलतात, आणि बदलतात तेही एकाच रीतीनें. ‘इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य. येथें नकार आहे. ‘इम्पोर्ट’ म्हणजे बाहेरून आंत आणणें. येथें नकार नाहीं. ‘इल्लीगल’ म्हणजे बेकायदेशीर, तर ‘इल्युमिनेट’ म्हणजे उजळणें. ‘इर्रेग्युलर’ म्हणजे अनियमित, तर ‘इरिगेट’ म्हणजे शेतास पाणी देणें. नुसत्या चेहऱ्यावरून कोणता भाऊ समोर उभा आहे, हें ओळखण्याची सोय भाषेनें ठेवलेली नाहीं. शब्दाचें कूळ ठाऊक असेल, त्यासच तें कळतें.

खुद्द रोमन लोकांनाही हा घोटाळा अपरिचित नव्हता. इसवी सनापूर्वीं सुमारें दोनशें वर्षांपूर्वींचा नाटककार प्लॉटस यानें तर त्यावर विनोद साधला आहे. त्याच्या ‘कॅप्टिव्ही’ या नाटकांत परान्नावर जगणारें एक पात्र आहे. ‘इन्व्होकॅटस’ या लॅटिन शब्दाचे दोन अर्थ होतात : ‘न बोलाविलेला’ आणि ‘जिचा धावा केला जातो अशी व्यक्ति’. फासे टाकतांना तरुण लोक आपल्या प्रेयसीचें नांव घेऊन तिचा धावा करीत. आणि हा बोलावणें नसतांना मेजवानीस हजर होई. दोघांनाही एकच विशेषण लागतें, यावर त्या पात्राची थट्टा उभारलेली आहे. प्रेक्षकांस दोन्ही अर्थ ठाऊक होते, म्हणूनच त्यांस हंसूं येई. पुढें जें झालें, त्याचें मर्म येथेंच आहे. दोन्ही अर्थ जाणणाऱ्यास ज्या शब्दाची गंमत वाटते, तोच शब्द एकच अर्थ जाणणाऱ्यास गोत्यांत आणतो.

मराठी मनुष्यास ही अडचण समजावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतून मराठींत आलेला ‘वि’ हा उपसर्ग ‘विफल’ या शब्दांत अभाव दाखवितो आणि ‘विख्यात’ या शब्दांत वैशिष्ट्य दाखवितो. ‘अमूल्य’ म्हणजे मोल नसलेलें, पण तें कवडीमोल नव्हे; ज्याचें मोल करतां येत नाहीं, असें तें. इंग्रजींतील ‘इन्व्हॅल्युएबल’ हा शब्दही अगदीं असाच बनलेला आहे. ‘अनुत्तम’ हा शब्द ऐकून ‘उत्तम नसलेलें’ असें वाटतें. संस्कृतांत मात्र ‘ज्याहून उत्तम दुसरें कांहीं नाहीं’, असा त्याचा अर्थ होतो. आणि ‘अपरोक्ष’ या शब्दाची गत तर सर्वांस परिचित आहे. ‘परोक्ष’ म्हणजे दृष्टीआड. तेव्हां ‘अपरोक्ष’ म्हणजे दृष्टीसमोर. तथापि ‘माझ्या अपरोक्ष त्यानें माझी निंदा केली’ असें म्हणणारा मनुष्य ‘माझ्या पाठीमागें’ असेंच सांगत असतो, आणि ऐकणाराही तसेंच समजतो. येथें नकाराचा उपसर्ग असून नकार लोपला. ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दांत नकाराचा उपसर्ग नसून नकार भासूं लागला. दोहोंचें कारण एकच : बोलणारा व्युत्पत्ति पाहून बोलत नाहीं, नेहमींच्या संवयीनें बोलतो.

इंग्रजीच्या इतिहासांतही या उपसर्गानें पूर्वीं एकदां गोंधळ घातला होता. ‘इन्हॅबिटेबल’ याचा आजचा अर्थ ‘राहण्यास योग्य’ असा आहे. परंतु शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकांत तोच शब्द ‘राहण्यास अयोग्य’ या अर्थानें आला आहे, आणि फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ आजही तोच आहे. इंग्रजींत ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणें हें क्रियापद रुळलें, त्याच्या ओढीनें विशेषणाचा अर्थ उलटला, आणि ओसाड भूमीसाठीं ‘अन्इन्हॅबिटेबल’ असा डबल उपसर्गाचा शब्द वापरांत आला. हा फेरबदल सावकाश झाला. त्यानें कोणाचें घर जळलें नाहीं, म्हणून त्याबद्दल कोणी हाकाटीही केली नाहीं.

‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजींत आढळतो, आणि पुढें दीर्घ काळ त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञानें १७६६ सालीं रॉयल सोसायटीपुढें वायूंविषयींचे आपले प्रयोग मांडले. धातूंवर आम्लाची क्रिया होऊन निघणाऱ्या हलक्या वायूस त्यानें ‘इन्फ्लेमेबल एअर’, म्हणजे पेट घेणारी हवा, असें म्हटलें. हाच वायु पुढें लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनीं ठरविलेल्या परिभाषेंत हायड्रोजन म्हणून ओळखला जाऊं लागला. कॅव्हेंडिशचा निबंध वाचणाऱ्यांपैकीं कोणासही ही हवा न जळणारी आहे, असें वाटलें नसावें. कारण शास्त्रीय निबंध वाचणारा वर्ग लॅटिन शिकलेला होता. शब्द विद्वानांच्या घरीं होता तोंवर तो सुरक्षित होता, आणि विद्वानही त्याच्यापासून सुरक्षित होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही स्थिति पालटली. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील टायटसव्हिल येथें १८५९ सालीं एडविन ड्रेक यानें विहीर खणून खनिज तेल काढलें, आणि थोड्याच वर्षांत घासलेट घरोघरीं दिव्यांतून जळूं लागलें. पेट्रोलियमच्या सुरक्षित सांठवणीसाठीं ब्रिटिश पार्लमेंटला १८६२ सालींच कायदा करावा लागला. मागाहून मोटारी आल्या आणि त्यांच्याबरोबर पेट्रोल आलें. चित्रपट आले आणि त्यांच्याबरोबर भडकन् पेटणाऱ्या नायट्रोसेल्युलोजच्या फिती आल्या. रंग, रोगण, मद्यार्क, ॲसिटोन यांचीं पिपें गोद्या, गुदामें व रेल्वेचे डबे यांतून फिरूं लागलीं. पिपावरील चिठ्ठी वाचणारा मनुष्य आतां शास्त्रज्ञ राहिला नाहीं. तो हमाल होता, गाडीवान होता, कारखान्यांतील मजूर होता; अमेरिकेंत तर अनेकदां तो परदेशांतून नुकताच येऊन कामापुरतें इंग्रजी शिकलेला होता. त्यास लॅटिनचा गंध नव्हता आणि असण्याचें कारणही नव्हतें.

असा मनुष्य नेमका याच शब्दाशीं कां अडखळावा? ‘इन्फ्लेम’ म्हणजे भडकाविणें आणि ‘इन्फ्लेमेशन’ म्हणजे शरीराचा दाह, या शब्दांत तर नकाराचा भास होत नाहीं. याचें उत्तर शब्दाच्या शेपटाशीं आहे. ज्या इंग्रजी विशेषणांच्या आरंभीं ‘इन्’ आणि अखेरीस ‘एबल’ असतें, त्यांतील नित्य परिचयाचीं बहुतेक नकारार्थी असतात : इन्केपेबल, इन्टॉलरेबल, इन्सेपरेबल, इन्क्युरेबल. शब्दांचा हा सांचा डोळ्यांस एकदां परिचित झाला, म्हणजे त्यांत बसणारा प्रत्येक नवा शब्द वाचक त्याच अर्थानें घेतो. ही अज्ञानाची खूण नव्हे. उलट वाचकानें भाषेचा नियम बरोबर ओळखल्याची ती खूण आहे. नियम बरोबर, उदाहरण अपवादाचें, आणि अपवादाच्या पोटांत पेट्रोल!

हा धोका प्रथम जाणवला तो वैयाकरणांस नव्हे, तर आगीचा विचार करणें हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्यांस. अमेरिकेंत १८९६ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ या संस्थेनें १९२० नंतरच्या दशकांत असा आग्रह धरला कीं, इशारा म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द सोडून ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरावा. हा शब्द त्यांनीं नव्यानें घडविला, असें मात्र नव्हे. लॅटिनमध्यें ‘फ्लॅम्मारे’ असें साधें क्रियापद होतेंच, आणि त्यावरून आलेला ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एका लॅटिन काव्याच्या इंग्रजी भाषांतरांत डोकावून गेला होता. अडगळींत पडलेला हा शब्द आगीच्या बंदोबस्तासाठीं बाहेर काढण्यांत आला. त्याच्या विरुद्ध अर्थासाठीं मात्र ‘इन्’ लावण्याची मुभा नव्हती. तेथें ‘नॉन्’ हा निःसंदिग्ध उपसर्ग लावून ‘नॉन्-फ्लेमेबल’ असें रूप स्वीकारण्यांत आलें.

शब्दाच्या गैरसमजानें आग लागते, हें म्हणणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु त्याच काळीं अमेरिकेंत बेंजामिन ली व्होर्फ या नांवाचा एक गृहस्थ याच विषयाचें निरीक्षण करीत होता. व्होर्फ शिक्षणानें रसायन-अभियंता होता. १९१९ सालीं तो हार्टफर्ड येथील आगीचा विमा उतरणाऱ्या कंपनींत आगप्रतिबंधक अभियंता म्हणून लागला, आणि फुरसतीच्या वेळीं भाषाशास्त्राचा अभ्यास करूं लागला. येल विद्यापीठांत एडवर्ड सपीर याच्यापाशीं तो शिकला. आगींचे अहवाल तपासतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळदां आगीस वस्तूइतकेंच तिचें नांवही कारण होतें. पेट्रोलनें भरलेल्या पिपांजवळ माणसें जपून वागत. परंतु ‘रिकामीं’ म्हटलेल्या पिपांजवळ तींच माणसें बेफिकीरपणें विड्या ओढीत. वस्तुतः रिकामें पीप भरलेल्याहून अधिक घातक. कारण त्यांत स्फोटक वाफ कोंडलेली असते. एका कारखान्यांत तापणाऱ्या धातूच्या पात्रांभोंवतीं चुनखडीपासून केलेलें वेष्टण होतें. त्याच्या इंग्रजी नांवाच्या शेवटीं ‘दगड’ या अर्थाचा शब्द असल्यामुळें त्यास ज्वाळेपासून जपावें, असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. पात्रांतील आम्लाच्या वाफांनीं त्या वेष्टणाचें रासायनिक रूप पालटलें होतें, आणि उष्णता लागतांच त्यांतून ॲसिटोन निघूं लागलें. खालची आग तेथवर पोंचली, तेव्हां तो ‘दगड’ धडधडून पेटला. व्होर्फनें हीं उदाहरणें १९३९ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत दिलीं असून तो निबंध १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं तो वारला. भाषा विचारास वळण लावते, या त्याच्या व्यापक सिद्धान्तावर पुढें पंडितांत पुष्कळ वाद माजले. परंतु माणूस वस्तु पाहून वागतो त्यापेक्षां तिच्यावरील शब्द वाचून अधिक वागतो, एवढी गोष्ट पिपांच्या उदाहरणावरून पटण्यास कोणत्याही सिद्धान्ताची गरज नाहीं.

तथापि भाषेच्या अभिमान्यांस हा बदल रुचला नाहीं. अज्ञ लोकांच्या चुकीपुढें मान तुकवून एक शुद्ध, जुना व सर्वमान्य शब्द कां टाकावा, असा त्यांचा सवाल होता. विल्यम स्ट्रंक यांच्या लेखनकलेवरील प्रसिद्ध पुस्तकाची ई. बी. व्हाइट यांनीं वाढविलेली आवृत्ति १९५९ सालीं प्रथम निघाली. या पुस्तकानें पुढें वाचकांस जो सल्ला दिला, त्याचा आशय असा : ‘फ्लेमेबल’ हा चमत्कारिक शब्द मुख्यतः प्राण वाचविण्याच्या उपयोगाचा आहे, पेट्रोलची मोटार चालविणाऱ्यानें तो खुशाल वापरावा, इतरांनीं जुनाच शब्द लिहावा. सल्ल्याचा सूर थट्टेचा आहे. परंतु त्या थट्टेंतच मोठी कबुली दडलेली आहे. ज्या शब्दाचा उपयोग प्राण वाचविण्याकडे होतो, त्यानें आणखी कोणता गुण अंगीं बाळगावयाचा?

कायद्याच्या दफ्तरांतही या दोन शब्दांची चढाओढ उमटलेली आहे. भारताच्या संसदेनें १९५२ सालीं जो कायदा केला, त्याचें नांव ‘इन्फ्लेमेबल सब्स्टन्सेस ॲक्ट’. ॲसिटोन, मद्यार्क, चित्रपटाच्या नायट्रोसेल्युलोज फिती अशा पदार्थांस त्यानें धोकादायक ज्वालाग्राही ठरविलें. लगेच पुढच्या वर्षीं, १९५३ सालीं, अमेरिकेंत झालेल्या कायद्याचें नांव मात्र ‘फ्लेमेबल फॅब्रिक्स ॲक्ट’ असें होतें. लवदार रेयॉनचे स्वेटर अंगावर पेटून झालेले भयंकर अपघात त्याच्या मुळाशीं होते. एका वर्षाच्या अंतरानें झालेल्या या दोन कायद्यांत दोन शब्द आहेत आणि अर्थ एकच आहे. ब्रिटनमध्यें ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननें १९५९ सालीं नव्या शब्दाची बाजू घेतली, आणि संयुक्त राष्ट्रसंघानें २००३ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या रासायनिक पदार्थांच्या जागतिक वर्गीकरणांतही ‘फ्लेमेबल’ हाच शब्द आहे.

तरीही जुना शब्द मेलेला नाहीं. फ्रेंचमध्यें ‘जळणारें’ यासाठीं ‘इन्फ्लामाब्ल’ हाच शब्द चालतो, आणि ‘न जळणारें’ यासाठीं त्यास आणखी एक नकारी उपसर्ग जोडावा लागतो. भारतांतील टाक्यांवरही तो आहे. तेथें त्याच्या आधीं ‘हायली’ म्हणजे ‘अत्यंत’ हा शब्द लिहिण्याची वहिवाट आहे, आणि विचार करतां ती शहाणपणाची आहे. ‘अत्यंत न जळणारें’ असें कोणी लिहीत नाहीं. त्यामुळें सावध वाचकाचा संशय त्या एका शब्दानें फिटतो. परंतु मोटारीजवळ उभा असलेला प्रत्येक मनुष्य इतका सावध असेलच, याचा भरंवसा काय? मराठींतील ‘ज्वालाग्राही’ हा शब्द या दृष्टीनें फार चांगला. ज्वाळेस धरणारें, एवढाच त्याचा अर्थ. त्यांत उपसर्गही नाहीं आणि उपसर्गाचा घोटाळाही नाहीं. ज्या मोटारीवर इंग्रजीशेजारीं तोही लिहिलेला असतो, ती मोटार महाराष्ट्रांतील वाटसरूस निःसंदिग्ध भाषेंत बजावीत असते.

शब्दाची शुद्धता त्याच्या कुळावरून ठरवावी कीं त्याच्या कार्यावरून, हा भाषेंतील जुना वाद आहे, आणि काव्यांत वा शास्त्रांत त्याचा निकाल सावकाश लागला तरी चालतो. इशाऱ्याच्या शब्दास मात्र तेवढी सवड नसते. तो एकदाच वाचला जातो, घाईंत वाचला जातो, आणि वाचणाऱ्याच्या हातांत कदाचित् पेटती विडी असते. अशा ठिकाणीं वाचकानें लॅटिन शिकून यावें, ही अपेक्षा व्यर्थ होय. लिहिणाऱ्यानेंच वाचकाच्या पायरीवर उतरलें पाहिजे. म्हणूनच आज अनेक देशांतील पिपांवर अक्षरांबरोबर आणखी एक खूण छापलेली असते : तांबड्या चौकटींतील एक काळी ज्वाळा. ती वाचण्यास व्याकरण लागत नाहीं. तिला उपसर्ग नाहीं, आणि तिचा अर्थ उलटा करतां येत नाहीं.